झोपेची वही उत्तम, आहाराचा तक्ता उसना : ठाण्यातील एका मनःस्वास्थ्य उपक्रमाविषयी

नौपाड्यातील एका समुपदेशन केंद्रात पंधरा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आठ आठवड्यांचा एक उपक्रम चालवला जातो. आठवड्यातून एक गटसत्र, दर पंधरवड्याला समुपदेशकाशी स्वतंत्र भेट आणि मध्ये पालकांसाठी एक बैठक, असे त्याचे स्वरूप आहे. संशोधनाचा आधार घेऊन जीवनशैलीत बदल घडवणे आणि त्यातून मनःस्वास्थ्य सावरणे, हा हेतू माहितीपत्रकात सांगितलेला आहे. माझ्या नणंदेची मुलगी अकरावीसाठी चिपळूणहून आमच्याकडे पाचपाखाडीत राहायला आली. कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास यांच्या कात्रीत ती हळूहळू अबोल होत गेली, डबा तसाच परत आणू लागली आणि मैत्रिणींचे फोन टाळू लागली, तेव्हा तिच्या आईशी बोलून आम्ही तिला या उपक्रमात घातले. गट जेमतेम दहा-बारा मुलांचा असल्यामुळे केंद्राचे नाव दिल्यास मुलांची ओळख पटणे अवघड नाही, म्हणून ते येथे देत नाही. मात्र अशा धर्तीचे उपक्रम ठाण्यात आता आणखीही निघू लागले आहेत आणि त्यांत मूल घालण्यापूर्वी काय पाहावे, याचा अंदाज या परीक्षणावरून बांधता येईल.

माझे मत आधीच सांगून टाकते. जेथे संशोधनातील निष्कर्ष एका विशिष्ट मुलीच्या वेळापत्रकात बसवून दाखवण्याचे कष्ट या मंडळींनी घेतले, तेथे उपक्रम अतिशय चांगला उतरला आहे. जेथे छापील कागद हातात ठेवून काम भागवले, तेथे तो कोणत्याही साप्ताहिक पुरवणीतील आरोग्यसदरापेक्षा वेगळा नाही.

सर्वांत भक्कम भाग झोपेचा. पहिले दोन आठवडे दुसऱ्या कशालाही हात लावला जात नाही. मुलांना एक वही मिळते. तिच्या पानावर अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ, दिवा मालवल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठले, दुपारी डुलकी घेतली का आणि चहा-कॉफीचा शेवटचा कप केव्हा झाला, असे रकाने आखलेले असतात. घरी आम्ही सगळे ‘रात्री लवकर झोपत जा’ हे एकच पालुपद आळवत होतो. समुपदेशकबाईंनी मात्र वहीतल्या रात्रींकडे पाहिलेही नाही. रविवारच्या रकान्यातील ‘११.४०’ या आकड्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला. झोप कधी लागावी हे आपल्या हाती नसते, उठावे कधी हे पुष्कळसे असते, असे त्यांनी तिला समजावले. रविवारी दुपारपर्यंत झोपले की त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि सोमवारी सकाळी सातचे लेक्चर अंगावर येते. आठवडाभर ती थकबाकी फेडत राहायची आणि पुन्हा रविवारी तेच. म्हणून पहिला बदल एवढाच ठरला की, इतर दिवशी सहाला आणि रविवारी फार तर साडेसातला उठायचे, रात्र कशीही गेलेली असो.

किशोरवयात शरीराचे घड्याळच मागे सरकते, हे पालकांच्या बैठकीत चांगल्या रीतीने सांगितले गेले. झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागते आणि त्यामुळे दहा वाजता ‘झोप येत नाही’ म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी या विषयावर अनेक दशके काम केले आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये केली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत, असे २०१४ मध्येच सांगितले होते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नयेत असे ठरवले ते पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्या वयात शरीराचे घड्याळ खरोखर मागे जाते, त्या वयाच्या मुलांनी सातच्या ठोक्याला कॉलेजात हजर व्हायचे, ही व्यवस्था जशीच्या तशी आहे. केंद्राने ही अडचण झाकली नाही, हे मला आवडले. रात्री नऊला क्लास सुटणाऱ्या आणि सकाळी सहाला उठणाऱ्या मुलीच्या बाबतीत आठ तासांचे गणित जमत नाही, हे समुपदेशकबाईंनी वहीवर मांडूनच दाखवले. त्यानंतर जे साधण्यासारखे होते तेवढेच ठरवले गेले. संध्याकाळी क्लासच्या मधल्या सुट्टीत पोटभर डबा खायचा, म्हणजे घरी आल्यावर जेवणात वेळ जात नाही. त्याच सुट्टीतली कॉफी बंद करायची, कारण कॅफीनचा अर्धा अंश शरीरातून जायलाही साधारण पाच तास लागतात. आणि दुपारी चारच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यायची. ‘मामी, डबा आता दोन मजली दे,’ एवढेच तिने मला येऊन सांगितले. उपक्रमाचे शास्त्र आमच्या स्वयंपाकघरात पोहोचले ते या मार्गाने.

झोपेनंतर हालचाल येते. मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमसास लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन आहे. क्लासला जाणाऱ्या मुलांपुढे तो आकडा ठेवला की ती हसतात, आणि केंद्रानेही तो ठेवला नाही. खिन्नतेवर व्यायामाचा परिणाम तपासणाऱ्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, चालणे किंवा धावणे, योगासने आणि स्नायूंना ताकद देणारे व्यायाम यांचा उपयोग त्यात ठळकपणे दिसला. यातले बहुतेक पुरावे प्रौढांचे आहेत, हेही गटप्रमुखाने सांगितले. मग प्रत्येकाने आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा एक तुकडा निवडायचा, असे ठरले. कोणी उपवनचा काठ निवडला, कोणी स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडली. आमच्या मुलीने कचराळी तलावाभोवतीच्या फेऱ्या निवडल्या, कारण तो घरापासून जवळ आहे आणि सकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की एकटे वाटत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते, हा फायदा त्यातच साधला गेला.

याच सत्रांत कृती आणि मनःस्थिती यांची एक नोंदही ठेवली जाते. कोणतीही गोष्ट करण्याआधी मन किती जड आहे याला दहापैकी गुण द्यायचे आणि ती केल्यानंतर पुन्हा द्यायचे. बरे वाटले की करू, असे म्हणत बसण्याऐवजी आधी करायचे आणि मग काय वाटते ते पाहायचे, हे या तंत्राचे मर्म असून नैराश्यावरील मानसोपचारांत त्याला चांगला पुरावा आहे. आमच्या मुलीच्या तक्त्यात सर्वांत जास्त फरक ‘आईशी फोन’ या ओळीसमोर असेल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो ‘मामाबरोबर भाजी आणणे’ या ओळीसमोर निघाला. आईशी बोलून उलट मन अधिक जड होत होते, कारण प्रत्येक फोनचा शेवट चाचणी परीक्षेच्या गुणांवर होत असे. ही गोष्ट तिने तोंडाने कधीच सांगितली नसती. माझ्या नणंदबाईंनी ती फार समजूतदारपणे घेतली आणि आता गुणांची चौकशी रविवारीच करतात.

आता आहाराकडे येऊ. येथे उपक्रम सपशेल घसरतो. पाचव्या आठवड्यात मुलांना एक रंगीत कागद दिला जातो आणि त्यावर ऑलिव्ह तेल, सॅमन मासा, ब्लूबेरी, अॅव्होकॅडो आणि अक्रोड यांची चित्रे आहेत. ज्या मुलीच्या घरी बांगडा, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी आणि मुगाची उसळ आठवड्यातून आलटून-पालटून होते, तिला समुद्रापलीकडचा मासा शोधायला लावणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओमेगा-३ साठी बांगडा आणि तारली काही कमी प्रतीचे नाहीत. कागदाच्या तळाशी ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापलेले आहे, त्यामुळे मी तो आधार विचारला. उत्तरात ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील चाचणीचा उल्लेख झाला. ती चाचणी महत्त्वाची आहे खरी; परंतु तिच्यात ६७ माणसे होती, ती प्रौढ होती आणि त्यांना मध्यम ते तीव्र नैराश्य होते. आहार बदललेल्या गटात बारा आठवड्यांनी सुमारे ३२ टक्के आणि केवळ सोबत-गप्पा मिळालेल्या गटात सुमारे ८ टक्के लोकांची लक्षणे आटोक्यात आली. या आकड्यांइतकीच महत्त्वाची बाब अशी की, आहार बदललेल्या प्रत्येकाला आहारतज्ज्ञाबरोबर जवळपास तासाभराच्या सात स्वतंत्र बैठका मिळाल्या होत्या. फळांची चित्रे असलेला कागद कोणी कोणाला दिला नव्हता. झोपेच्या बाबतीत जे कष्ट घेतले गेले, त्याच्या पावपट कष्ट येथे घेतले असते, तर सकाळी काही न खाता घराबाहेर पडणे आणि दुपारी कॅन्टीनमधील वडापावावर भागवणे या दोन सवयींना तरी हात लागला असता. गटातल्या मुलांपैकी बहुतेकांची तीच कथा होती.

पालकांची बैठक मोबाइलवर गाजणार हे अपेक्षितच होते. एका बाबांनी तर मोबाइल काढून घेतल्याशिवाय बाकीचे सगळे व्यर्थ आहे, असे ठणकावून सांगितले. त्यावर ब्रिटन आणि अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचे २०१९ मधील एक विश्लेषण सांगितले गेले. त्यानुसार मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक आढळतो, त्यातील फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी निगडित दिसला. हा आकडा खरा आहे, पण तो सरसकट सरासरीचा आहे. रात्री दीडपर्यंत रील्स पाहणाऱ्या एखाद्या मुलाची झोप त्यामुळे परत येत नाही, आणि बैठकीत हे पुरेसे स्पष्ट झाले नाही. ‘मोबाइल रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावावा, आणि तो नियम आईवडिलांनाही लागू असावा’ एवढी एक सूचना निघाली. ती उत्तम आहे. आमच्या घरी तिचा सर्वाधिक त्रास माझ्या यजमानांना झाला.

मनाची सजगता वाढवणारे श्वसनाचे छोटे सराव सत्राच्या शेवटी असतात. त्यांचा गाजावाजा केला जात नाही, हे योग्यच आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन झालेल्या मोठ्या चाचणीत, वर्गावर्गांत शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या अभ्यासक्रमाहून अधिक फायदा दिसला नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. ज्याला आवडेल त्याने करावे, एवढ्यावरच केंद्राने तो विषय ठेवला आहे.

गटसत्र घेणारा तरुण स्वतः मानसशास्त्रज्ञ नाही; तो प्रशिक्षण घेतलेला साहाय्यक आहे आणि त्याच्या कामावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट देखरेख ठेवतात. काही पालकांनी यावर नाराजी व्यक्त केली. मला ती पटली नाही. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७५ शाळांमध्ये झालेल्या ‘सेहर’ या चाचणीत हाच प्रश्न तपासला गेला होता. तेथे एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित, पण व्यावसायिक तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी आणि काही शाळांत शिक्षकांनी राबवला; समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि खिन्नता कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत तसे झाले नाही. पदवी किती मोठी यापेक्षा त्या कामासाठी राखून ठेवलेला वेळ, प्रशिक्षण आणि डोक्यावर असलेली देखरेख यांना किती महत्त्व आहे, हे त्यातून दिसते. पालकांनी विचारायचा प्रश्न असा की, देखरेख करणारी व्यक्ती कोण आहे आणि ती मुलांना प्रत्यक्ष कधी भेटते. येथे ती दर पंधरवड्याच्या भेटीत असते.

सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी मुले नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरतात. २००१ पासून जगभर वापरात असलेल्या प्रश्नावलीचे ते किशोरांसाठीचे रूप आहे; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण सत्तावीस. तिच्यातील नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा असतो. त्याचे उत्तर शून्याहून वेगळे आले, तर बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी स्वतंत्र भेट, पालकांना बोलावणे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे, ही पद्धत त्यांनी लेखी ठरवलेली आहे आणि ती पहिल्याच दिवशी पालकांना वाचून दाखवली जाते. झोप, चालणे आणि डबा यांनी सावरण्यापलीकडचे दुखणे वेगळे ओळखून काढण्याची सोय ज्या उपक्रमात नाही, त्यात मूल घालू नये, असे मी निक्षून सांगेन. आमच्या मुलीची शेवटची बेरीज पहिल्यापेक्षा कमी आली; तरीही तिने काही महिने स्वतंत्र भेटी चालू ठेवाव्यात असे तिला सुचवले गेले आणि ती त्या घेत आहे.

माहितीपत्रकाविषयी मात्र दोन तक्रारी आहेत. ‘बहुतांश मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा’ असे त्यात छापले आहे, पण किती मुलांपैकी किती, आणि मधेच सोडून गेलेल्यांचे काय धरले, याचा उल्लेख नाही. मूल अगदी खचले असतानाच पालक मदत शोधायला निघतात. त्यातली काही मुले काहीही न करतासुद्धा थोडीफार सावरतात, त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर अशा दाव्याला फारसा अर्थ राहत नाही. दुसरे असे की, १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळल्याचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील आकडा ‘आपल्या शहरातील वास्तव’ या मथळ्याखाली दिला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले होते आणि महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. संशोधनाच्या नावावर चालणाऱ्या उपक्रमाने एवढी काटेकोरी पाळायला हवी.

मुलांच्या नोंदी नाव वगळून अभ्यासासाठी वापरण्याची परवानगी केंद्र मागते. पत्रकावर नीतिसमितीचा तपशील आहे आणि नकार दिल्यास सेवेत फरक पडणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अल्पवयीन मुलांबाबत पालकांची संमती तर लागतेच, शिवाय बारा वर्षांपुढील मुलांचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. दोन्ही कागद वेगवेगळे होते. खटकले ते एवढेच की, दोन्ही फक्त इंग्रजीत होते. चिपळूणला बसलेल्या आईने न समजणाऱ्या कागदावर सही कशी करायची, असे विचारल्यावर मराठी प्रत आली, तीही आठवडाभराने. मुलीने सत्रात काय सांगितले हे मामा-मामीला कळवले जाणार नाही, हेही त्या पत्रकात आहे. आमच्याकडील एका वडीलधाऱ्या नातेवाइकांना ते अजिबात रुचले नाही. ‘ठाण्याला भरती करा’ हा विनोद ऐकत आणि करत वाढलेली ती पिढी. १९०१ पासून येथे उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाने किती रुग्णांना बरे करून घरी पाठवले, याचा विचार त्या विनोदात कधी झाला नाही.

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, खाली गाडी लावण्याचा विचारही करू नये. शुल्क नऊ हजार रुपये एकरकमी आहे. हप्त्यांची सोय मागितल्यास मिळते, पण ती कोठेही लिहिलेली नाही. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे; ती ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येते. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही सर्वांना परिचित आहे.

मूल उदास, चिडचिडे, अभ्यासाने पिचलेले असेल, पण रोजचे व्यवहार अजून सांभाळत असेल, तर हा उपक्रम घेण्यासारखा आहे. ज्याचे कॉलेज पूर्ण सुटले आहे किंवा ज्याने स्वतःला इजा केली आहे, त्याला थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. केंद्रही अशा मुलांना गटात घेत नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तोपर्यंत संमतीपत्र पहिल्या दिवसापासून मराठीत मिळावे आणि आहाराचा कागद ठाण्याच्या बाजारात जे मिळते ते पाहून नव्याने लिहावा, असे मी अभिप्राय-पत्रकात लिहून दिले आहे.